विमान, बंदूक आणि मधली एक रात्र



गेल्या दोन व्याख्यानांत साधन आणि साध्य यांच्या नात्याविषयी आपण बरंच अमूर्त बोललो. आज त्याचंच एक ठोस उदाहरण घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. खासगी विमान भाड्याने घेऊन शिकारीला आणि मासेमारीला जाणं, हा आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे काय सुचलं, श्रीमंतांच्या शौकावर कसलं चिंतन करायचं, असं वाटेल. पण जरा धीर धरा. साधन किती सोयीचं झालं म्हणजे साध्यच हातातून निसटतं, हा प्रश्न इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो. शिवाय या प्रश्नावर एका प्रदेशाने कायदाही केला आहे, आणि तो कायदा आम्हाला फार विचार करायला लावतो.

तो प्रदेश म्हणजे अलास्का. महाराष्ट्राच्या साडेपाच पट क्षेत्रफळ आणि लोकसंख्या साधारण सव्वासात लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. रस्ते अगदी थोडे. राजधानी जुनो, पण तिथेसुद्धा बाहेरून मोटाररस्ता जात नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने. अशा मुलखात छोटं विमान ही चैन नसते, ती तिथली एस.टी. असते. टपाल, औषधं, किराणा, बाळंतीण, शाळामास्तर, सगळं त्यातूनच जातं. अँकरेज शहरात लेक हूड नावाचा तळ आहे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा जगातला सर्वांत गजबजलेला तळ म्हणून तो ओळखला जातो. तेव्हा ‘खासगी विमान’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं गुळगुळीत जेट, चामड्याच्या खुर्च्या, पेयांचे ट्रे, हे सगळं बाजूला ठेवा. इथलं विमान म्हणजे पायपर सुपर कब, ज्यात वैमानिकाच्या मागे एकच माणूस बसतो. किंवा डी हॅविलँड बीव्हर, जे 1947 साली पहिल्यांदा उडालं, 1967 साली ज्याचं उत्पादन थांबलं आणि जे आजही रोज कामावर जातं. चाकांच्या जागी कधी तरंगणारे पोकळ फ्लोट, हिवाळ्यात बर्फावरच्या पट्ट्या, आणि नदीकाठच्या गोट्यांवर उतरायचं असेल तर फुगीर, जाडजूड टायर.

आता यात शिकारी कसा जातो ते पाहू. व्यवहार कळल्याशिवाय त्यातली नीती कळत नाही, असं आमचं जुनं मत आहे.

शिकारी एखाद्या लहान गावापर्यंत नेहमीच्या प्रवासी विमानाने येतो. तिथून पुढे एअर टॅक्सी. वैमानिक आधी सामानाचं वजन करतो, मग माणसाचं. सामान मऊ पिशव्यांतून आणायचं, कारण कडक पेट्या विमानाच्या निमुळत्या शेपटाकडे सरकवता येत नाहीत. भाडं उड्डाणाच्या वेळावर ठरतं, आणि गिऱ्हाईक चार फेऱ्यांचे पैसे देतं: त्याला सोडायला जाताना, रिकामं परत येताना, आणायला रिकामं जाताना, घेऊन परतताना. हवा बिघडली तर विमान ठरल्या दिवशी येत नाही. दोन दिवस, चार दिवस, धुकं हटेपर्यंत तंबूत बसायचं. म्हणून जाणकार लोक परतीच्या तारखेनंतर काही दिवस मोकळे ठेवतात आणि जास्तीचा शिधा नेतात. अलास्काच्या कायद्यानेच विमानात काय असावं याची यादी दीर्घकाळ घालून दिलेली होती: प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल एवढं अन्न, कुऱ्हाड, चाकू, आग पेटवायचं साधन, डासांची जाळी; आणि गळ, दोरा, शिसं असा मासे धरण्याचा सरंजाम. गंमत बघा, माणूस मासेमारीला निघालेला असो वा नसो, विमानाने गळ बाळगायचाच. तिथे तो गळ करमणुकीचा नाही, जीव वाचवायचा आहे. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

मूस नावाचा प्राणी तुम्ही चित्रात पाहिला असेल. सांबराच्या गोतावळ्यातला, पण अवाढव्य. मोठा नर 500 ते 700 किलोंचा भरतो. त्याचं खाण्याजोगं मांसच सव्वादोनशे किलोंच्या वर निघतं. अलास्काचा कायदा म्हणतो की हे मांस रानात टाकून यायचं नाही, आणि शिंगं मांसाच्या आधी बाहेर काढायची नाहीत. शिंगं निघतील ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर. म्हणजे दोन माणसांच्या विमानात किती खेपा होतील याचा हिशोब घरी बसूनच करावा लागतो. ज्याला भिंतीवर लावायला फक्त शिंगं हवी आहेत त्याला हा नियम विमानाच्या बिलातून जाणवतो. आम्हाला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. हेतू काय होता हे कोणी विचारत नाही, पण त्या हेतूचं वजन माणसाकडून उचलून घेतलं जातं.

धोकाही खरा आहे. तळ्याचं पाणी आरशासारखं निवांत असलं की आपल्याला सुंदर वाटतं. फ्लोटच्या वैमानिकाला तेच नको असतं, कारण लाटा नसतील तर पाणी किती खाली आहे ते डोळ्याला उमगत नाही. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स 1978 साली अँकरेजच्या विमान अपघातातून वाचले. त्यांची पत्नी त्यात गेली. पुढे अँकरेजच्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं. 9 ऑगस्ट 2010 रोजी ते मित्रांबरोबर मासेमारीच्या तळावर निघाले असताना विमान डोंगरावर आदळलं. नऊ जणांतले पाच दगावले, त्यांत ते होते.

इथवर वाहतूक झाली. आता शिकारीकडे येऊ.

विमान अंतर कमी करतं, एवढंच असतं तर फारसा प्रश्न नव्हता. घोड्यानेही अंतर कमी केलं होतं. विमान आणखी एक गोष्ट करतं. ते चालण्यापासून पाहणं वेगळं काढतं. पायी जाणाऱ्याला जनावर दिसतं ते त्याने तुडवलेल्या वाटेच्या शेवटी. माग काढणं, वाऱ्याची दिशा धरणं, चुकणं, परत फिरणं, हे सगळं त्या दिसण्यात मुरलेलं असतं. वरून पाहणाऱ्याला अख्खं खोरं एका नजरेत दिसतं, आणि त्यातला सर्वांत मोठा नर निवडून त्याच्या शेजारी उतरता येतं. मग उरतं काय? चाप ओढणं.

ही कल्पना नाही, असं घडलं आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत कॉट्झेब्यूसारख्या गावांतून हौशी शिकारी ध्रुवीय अस्वलांसाठी निघत. दोन विमानं जोडीने उडत. एक बर्फावरच्या पावलांचा माग काढी, दुसरं सोबतीला असे. अस्वल सापडलं की जवळ उतरायचं, शिकाऱ्याने खाली पाय ठेवायचा आणि गोळी झाडायची. खुद्द शिकाऱ्यांतच यावर नाराजी वाढली. 1971 साली अमेरिकेच्या काँग्रेसने विमानातून गोळी घालायला आणि विमानाने जनावरांना पिटाळायला बंदी करणारा कायदा केला. 1972 साली अलास्काने अस्वलांची विमानी शिकार थांबवली, आणि त्याच वर्षी सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा आला. 1973 साली ऑस्लोमध्ये पाच देशांनी ध्रुवीय अस्वलांविषयी करार केला. त्यात अस्वलं मारण्यासाठी विमान वापरू नये असं स्पष्ट कलम आहे. शीतयुद्धात एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघांनीही या करारावर सही केली होती. लांडग्यांचं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. त्यावर अलास्कात 1996, 2000 आणि 2008 अशी तीनदा मतदारांकडे जायची वेळ आली. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता ज्या नियमासाठी आम्ही हा सगळा पसारा मांडला त्याकडे येऊ. अलास्कात आज नियम असा आहे: ज्या दिवशी तुम्ही विमानात बसलात त्या दिवशी मोठी शिकार करायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. हरणासारखे काही अपवाद आहेत, आणि वेळापत्रकाने चालणाऱ्या प्रवासी विमानांना हा नियम लागू नाही. तीनच का, पाच का नाही, हे विचारू नका. रेषा कुठेतरी ओढावी लागते. पण रेषेमागची बुद्धी पाहा. या नियमाने विमानाला बंदी केली नाही. या मुलखात ती शक्यही नाही. त्याने पाहणं आणि मारणं यांच्यामध्ये एक रात्र आणून ठेवली. वरून जे दिसलं ते त्या रात्रीत शिळं होतं. कॅरिबूंचा कळप स्थलांतरात एका दिवसात वीस-तीस किलोमीटर सहज सरकतो. सकाळी तंबूबाहेर आलेला शिकारी पुन्हा त्याच जागी येतो जिथे त्याचे पूर्वज होते: जनावर इथे कुठेतरी आहे, कुठे ते माहीत नाही.

कायदा सहसा कृत्याला बंदी करतो किंवा मुभा देतो. इथे कायद्याने अज्ञान परत मिळवून दिलं आहे! ज्ञानाला नेहमीच वरचं स्थान देणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरांनी यावर थोडं थांबायला हवं.

तुम्ही म्हणाल, हे ढोंग आहे. हजारो किलोमीटर उडत यायचं आणि शेवटची रात्र तंबूत काढून स्वतःला रानचा माणूस म्हणवायचं. या आक्षेपात दम आहे. त्याला उत्तर द्यायला आपल्याला बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाची मदत घेता येईल. 1978 साली त्यांचं ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक आलं. खेळ म्हणजे काय, या प्रश्नाची व्याख्याच होऊ शकत नाही असं मानणाऱ्या विटगेन्स्टाइनच्या अनुयायांना सूट्स यांनी व्याख्या करून दाखवली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: खेळात आपण सोपा मार्ग जाणूनबुजून सोडतो आणि अवघड मार्ग धरतो, कारण तो अवघडपणा पत्करल्याशिवाय ती क्रियाच घडत नाही. आपली कबड्डी घ्या. चढाई करणाऱ्याने मध्येच श्वास घेतला तर कोणाचं काय बिघडतं? दम भरून घेतला तर गडी जास्त बाद होतील. पण मग ती कबड्डी राहत नाही, नुसती शिवाशिवी होते. दम धरणं हा कबड्डीच्या वाटेतला अडथळा नाही, तो कबड्डीच्या घडणीचाच भाग आहे.

त्याच्याही आधी, 1942 साली, स्पेनचे ओर्तेगा इ गासेत यांनी एका मित्राच्या शिकारीवरच्या पुस्तकाला प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली. त्यात त्यांनी एक निरीक्षण नोंदवलं आहे. शस्त्रं जसजशी प्रभावी होत गेली तसतसा माणूस स्वतःवर बंधनं घालत गेला, जेणेकरून जनावराला निसटायची संधी उरावी. जिथे निसटण्याची शक्यता संपते तिथे शिकार संपते. उरते ती कत्तल. ओर्तेगांची सगळीच मतं आम्हाला मान्य नाहीत. शिकारीला ते फारच उंच आसनावर बसवतात, आणि मरणाऱ्या जनावराच्या बाजूने पाहायला त्यांना फारशी सवड नाही. पण हा मुद्दा बिनतोड आहे.

म्हणून ‘ढोंग’ या शब्दाला आमचं उत्तर असं, की बंधन कृत्रिम आहे म्हणून खोटं ठरत नाही. खोटेपणा दुसरीकडे असतो. तो शोधायचा तर डॉल मेंढ्यांचा नियम पाहा. उंच कड्यांवर राहणारे हे पांढरे, वळणदार शिंगांचे मेंढे. यांच्या बाबतीत एक रात्र पुरत नाही, कारण मेंढा त्याच डोंगरावर दुसऱ्या दिवशीही असतो. म्हणून लोक हंगामात आकाशातून मेंढे हेरत फिरत. एखाद्याने आठ दिवस पायी चढून मेंढा गाठावा, आणि डोक्यावर विमानाने घिरट्या घालून तो उधळवावा, असं होऊ लागलं. 2015 साली अलास्काच्या गेम बोर्डाने ठरवलं की 10 ऑगस्ट ते 20 सप्टेंबर या काळात विमानातून मेंढे हेरायचे नाहीत. माणसं आणि तळ पोचवायला, न्यायला विमान चालेल. एकच विमान, एकच आकाश, पण ‘नेणं’ चालेल आणि ‘पाहणं’ चालणार नाही. आता सांगा, वैमानिकाने वाटेत खाली बघितलं की मुद्दाम बघितलं, हे कोण ठरवणार? तिथे ना पंच, ना प्रेक्षक. आल्डो लिओपोल्ड यांनी शिकाऱ्याच्या या एकटेपणाकडे फार पूर्वी लक्ष वेधलं होतं.

नेणं आणि पाहणं यांची फारकत कोर्टातही गाजली, तीही उलट्या अंगाने. अलास्कात काही जातींच्या शिकारीसाठी परप्रांतीयाला परवानाधारक वाटाड्या किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक बरोबर असावाच लागतो. हे वाटाडे स्वतःच्या विमानातून गिऱ्हाइकाला नेत. मग त्यांना व्यापारी विमानसेवेचे कडक नियम लागू करायचे का? 1963 च्या एका निवाड्यापासून वाटाड्यांची समजूत होती की नाही. उड्डाणाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही, तो आमच्या वाटाडेपणाचाच आनुषंगिक भाग आहे. 1998 साली विमान प्रशासनाने पवित्रा बदलला. वाटाड्यांची संघटना न्यायालयात गेली आणि 1999 साली जिंकली. इतक्या वर्षांचा अर्थ लोकांना विचारल्याशिवाय बदलता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आता गंमत लक्षात आली? सुरक्षेचा प्रश्न आला की शिकारी म्हणतात, उड्डाण हा शिकारीचाच भाग. आणि पहाटे तीनचा नियम म्हणतो, उड्डाण शिकारीपासून तोडा. एकाच क्रियेचं वर्णन माणूस आपल्या सोयीने कसं करतो, याचा यापेक्षा चांगला नमुना आमच्या पाहण्यात नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न कायद्यात आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आज आपण ‘शिकारबंदीचा कायदा’ म्हणून ओळखतो. पण मुळात त्यात परवान्याने काही शिकार करता येत होती, आणि सतराव्या कलमात शिकार कशी करायची नाही ते सांगितलं होतं. मोटारीतून नाही, विमानातून नाही, विमानाने वा गाडीने जनावरं पिटाळून तर नाहीच. 1991 च्या दुरुस्तीने शिकारच बंद झाली तेव्हा ते कलमही गेलं. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळवीट धरत, हाके होत, मचाणं बांधली जात. त्या काळात जनावराला निसटायला किती जागा ठेवली जाई, हे कोणीतरी अभ्यासायला हवं.

मासेमारीचं थोडक्यात सांगतो. तिथे रात्रीचा नियम नाही. सकाळी लॉजच्या धक्क्यावरून फ्लोटचं विमान निघतं, ब्रिस्टल बेकडच्या एखाद्या नदीवर सोडतं, संध्याकाळी परत आणतं. तिथला सॅमन हा आपला रावस नव्हे, बरं का. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे, पण कूळ वेगळं. पाण्यात मासा कुठे आहे हे वरून कळलं तरी त्याने गळ गिळायचा की नाही, हे त्याच्याच हाती उरतं. त्यामुळे नियम सैल. पण बरेच जण मासा पकडून परत सोडतात, तेव्हा दुसराच प्रश्न उभा राहतो: नुसत्या खेळासाठी त्याला ती झोंबी द्यावी का? स्वित्झर्लंडने सोडून देण्याच्या हेतूने मासे धरायलाच बंदी केली आहे. खायचा असेल तर धरा, म्हणतात. ज्याला आपण दया समजतो तिलाच तिथे क्रौर्य ठरवलं आहे.

आणि आता ज्या फरकाकडे येऊ असं म्हटलं होतं तो. वायव्य अलास्कात नोआटाक नदीच्या काठी इनुपियात लोकांचं त्याच नावाचं गाव आहे. शरदात कॅरिबूंचे कळप उत्तरेकडून खाली येतात, आणि त्या गावाचं हिवाळ्याचं मांस त्यांतूनच येतं. तिथले वडीलधारे सांगत आले आहेत की पुढची जनावरं आधी जाऊ द्यावीत. त्यांना वाट सापडली की मागचा कळप त्याच वाटेने येतो. भाड्याच्या विमानांनी आलेले शिकारी नदीच्या वरच्या अंगाला उतरतात, म्हणजे नेमके त्या पुढच्या जनावरांच्या तोंडाशी. कळप यामुळे किती वळतो यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. गावकऱ्यांच्या मनात शंका नाही. कळप घटला आहे हे तर मोजलेलंच आहे: 2003 साली सुमारे 4 लाख 90 हजार, 2023 साली सुमारे 1 लाख 52 हजार. ही घट विमानांनी केली असं म्हणणं चुकीचं होईल. पण जे थोडं उरलं त्यात वाटेकरी कोण, हा प्रश्न तीव्र झाला. नदीकाठच्या एका पट्ट्यात ऐन हंगामात शिकारीसाठी विमान वापरायला मनाई आहेच. 2022 साली केंद्रीय उपजीविका मंडळाने तिथल्या काही सरकारी जमिनींवर ऑगस्ट-सप्टेंबरात बाहेरच्या शिकाऱ्यांना कॅरिबू बंद केले.

त्याच भागात आणखी एक नियम आहे. नदी पोहून जाणाऱ्या कॅरिबूला बोटीतून मारायला तिथे परवानगी आहे. ओर्तेगांच्या कसोटीवर हे कसं उतरेल? पाण्यात मान वर काढून पोहणारं जनावर, शेजारी मोटारबोट. निसटायची संधी जवळजवळ नाही. तरीही आम्हाला यात काही गैर वाटत नाही. ते लोक खेळत नाहीत. हिवाळ्याची बेगमी करणाऱ्याने सोपा मार्ग का सोडावा? शेतकऱ्याला कोणी सांगतं का, विळा नको, हाताने उपट म्हणून? सूट्स यांची व्याख्या इथे लागूच होत नाही, आणि पहाटे तीनचा नियमही इथे काही सांगत नाही. तो नियम खेळणाऱ्याला त्याचा खेळ परत देतो. तेच जनावर ज्याच्या घरचं अन्न आहे, त्याने त्या खेळासाठी किती अंग चोरून बसायचं, हे मंडळासमोरच्या सुनावणीत दरवेळी नव्याने भांडून ठरवावं लागतं.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.